मावशींचे जावईबापू

आमच्या घरमालकीण मावशी कोंबड्यासमोर डोक्यावरून पदर घेत. कोंबडा म्हणजे खरोखरचा, तुऱ्याचा आणि पिसांचा. मावशी अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या असल्या आणि तो पेरूच्या झाडामागून डुलत डुलत आला, की त्या सूप बाजूला ठेवत, पदर पुढे ओढत आणि जरा तिरक्या होऊन बसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. मावशी म्हणाल्या, "हसू नका बाई. जावई हाय त्यो."

मी लोणावळ्याजवळ तुंगार्लीला त्यांच्याकडे खोली घेतली तेव्हा ही सोयरीक अजून जमायची होती. ती जमवताना मधल्या माणसाचं काम माझ्याच गळ्यात पडलं, त्यामुळे सगळं पहिल्यापासून मला माहीत आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. पुण्याला शिकून मी लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत लागले होते. मावशी मुंबईच्या एका पारशी शेटजींचा बंगला राखत. शेटजी मे महिन्यात आणि दिवाळीत येत, बाकीचं वर्ष बंगला मावशींचा आणि कोंबड्यांचा. मावशींचे यजमान त्याच बंगल्यावर माळी होते, ते वारून बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नव्हतं. बंगल्यामागे दोन खोल्यांचं कौलारू घर होतं, त्यातली एक खोली मला मिळाली. दुसरी मावशींची असं मी समजत होते. पहिल्याच रात्री पलीकडून सहा-सातजणींचं कुजबुजणं ऐकू आलं, तेव्हा कळलं की खुराडं रिकामं असून कोंबड्या आत झोपतात.

"हिवाळ्यात आतच घेते," मावशी म्हणाल्या. "तुमास्नी तरास न्हाई ना?"

मी नाही म्हटलं. मग त्या पावसाळ्यातही आत आल्या आणि उन्हाळ्यातही.

कोंबड्या काळ्याभोर, मानेवर तेवढी सोनेरी कंठी. मावशी त्यांना 'आयच्या कोंबड्या' म्हणत, कारण त्यांच्या आईकडे, पवनेच्या बाजूच्या गावात, पिढ्यान्‌पिढ्या हेच वाण होतं. त्यात दुसऱ्या कुठल्या कोंबड्याचा वारा लागू द्यायचा नाही हा मावशींचा एकमेव धर्म. देवाला त्या चुकून दिवा लावायला विसरत, पण शेजारच्या आवारातला कोंबडा कुंपणावर बसला तर हातातली भाकरी तव्यावर टाकून धावत.

कोंबड्याबद्दल त्यांचे नियम ठरलेले होते. "एक कोंबडा, धा कोंबड्या. जास्ती झाल्या तर त्याचं ध्यान ऱ्हात न्हाई. कमी झाल्या तर बिचाऱ्यांच्या पाठीवर पिसं ऱ्हात न्हाईत." हाच हिशेब त्या माणसांनाही लावत. आमच्या शाळेत बायका पाच आणि मास्तर एकच, हे कळल्यावर त्यांनी मास्तरांची प्रकृती विचारली होती. कोंबड्याची पारख दाण्यावर. दाणे टाकले की चांगला कोंबडा स्वतः चोच लावत नाही, कुटकुट करून आधी कोंबड्यांना बोलावतो. जो आधी खातो तो रश्श्यात. आमचा पोस्टमन एकदा चहाला थांबला. मावशींनी बशीत दोन बिस्किटं ठेवली, तर त्याने बशी आधी माझ्याकडे सरकवली. मावशी कौतुकाने म्हणाल्या, "ह्यो चांगला कोंबडा झाला असता." पोस्टमन चहा तसाच ठेवून गेला. पुढे कित्येक दिवस आमची पत्रं फाटकात खोचलेली सापडत.

शेटजींनी एकदा मुंबईहून पांढराशुभ्र विलायती कोंबडा पाठवला. काळ्या कोंबड्यांत काही अर्थ नाही, त्या लहान अंडी घालतात, पुढच्या मे महिन्यात आवारात सगळी पांढरी पिल्लं दिसली पाहिजेत, असा निरोपही पाठवला. मावशींनी त्याचं नाव साहेब ठेवलं आणि बंगल्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गाडीखान्यात, जाळीचं दार लावून त्याला ठेवलं. खायला-प्यायला उत्तम. फक्त बायकांची सावली नाही. साहेब दिवसभर त्या जाळीला छाती लावून उभा असे. मला दया येई. मावशी म्हणत, "त्याच्या देशात असतील त्याच्या."

मे महिन्यात शेटजी आले. पहिल्याच दुपारी मावशींनी स्वतः रस्सा करून वाढला. शेटजींनी बोटं चाटून तो वाखाणला, आणि मग विचारलं, "आमचा पांढरा कोंबडा कुठे दिसत नाही तो?"

"हितंच हाय की," मावशी म्हणाल्या.

शेटजींना ते समजायला थोडा वेळ लागला. माणूस मोठ्या मनाचा. त्यांनी रस्सा अजून थोडा मागितला आणि पांढऱ्या पिल्लांचा विषय पुन्हा काढला नाही.

एवढं सोवळं पाळूनही मावशींच्या कोंबड्यांचं नीट चाललेलं नव्हतं. खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली तर सात-आठ तशीच राहत. जी पिल्लं निघत ती पायात अधू. कारण मावशींना पक्कं ठाऊक होतं. आवारात होता तो कोंबडा घरचाच, त्याच कोंबड्यांचा भाऊ. बाहेरचा आणायचा तर वाण बाटतं, आणि घरचा ठेवायचा तर, मावशींच्या शब्दांत, "भावाबहिनीचा संसार मांडल्यावानी व्हतं." काळे, कंठीवाले, पण वेगळ्या घरातले कोंबडे साऱ्या मावळात एकाच माणसाकडे उरले होते. तो माणूस म्हणजे मावशींचा थोरला भाऊ. त्याच्याशी त्या दहा-बारा वर्षं बोलत नव्हत्या.

भांडणाचं कारणही कोंबडीच. आईने मरताना आपली लाडकी तांबडी, म्हणजे कळपातली एकुलती एक तांबूस कोंबडी, मावशींना द्यायची असं सांगितलं होतं. आई गेली. दिवस झाल्यावर पाहुण्यांना तिखटाचं, रश्श्याचं जेवण घातलं, आणि मावशी भावाला म्हणाल्या, तांबडी कुठाय, मी घेऊन निघते. भाऊ पत्रावळींकडे बघत राहिला. मावशी उठल्या, खुराड्यात तांबडीखालची राहिलेली अंडी होती ती ओच्यात घेतली, आणि पायी कामशेतला येऊन गाडीत बसल्या. तुंगार्लीपर्यंत एकही अंडं फुटलं नाही. त्या अंड्यांतून हा सगळा काळा कळप निघाला होता. भावाचं तोंड मात्र त्यांनी पाहिलं नाही.

एका खेपेला अकरातलं एकच पिल्लू निघालं आणि तेही संध्याकाळी गेलं. मावशी त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या हात. तुमी जाता का त्याच्याकडं?"

"काय सांगू?"

"सांगा, पोरी लग्नाच्या हायत. मुलगा बगायला आलेय."

मी कामशेतच्या बाजाराला गेले. मावशींचे हे दादा तिथे तांदूळ विकायला येत हे मावशींना माहीत होतं. न बोलूनही भावाची सगळी खबर त्यांच्याकडे होती. दादा म्हणजे चांगले धिप्पाड गृहस्थ, गालफडं भरून मिशा, आणि नाक थेट मावशींचं. पोत्यावर बसून त्यांनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं हसतील किंवा हाकलतील. ते गंभीरपणे म्हणाले, "बसत न्हाई."

"काय बसत नाही?"

"नात्यात. मामाची पोरगी करत्यात बाई. आत्याची न्हाई करत. कोंबडा माझ्याकडचा, कोंबड्या तिच्याकडच्या. उलटं व्हतंय. तिला म्हनावं, तुझा कोंबडा हिकडं पाठव. माझ्या पोरी देतो मी."

हा निरोप मी तुंगार्लीला आणला. मावशींनी तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. मुद्दा बिनतोड होता हे त्यांनाही पटलेलं दिसत होतं. मग म्हणाल्या, "माझा कोंबडा मरतुकडा हाय. त्याच्या अंगनात पाठवून हसं करून घेऊ व्हय? त्याला म्हनावं, कोंबड्यांत आत्यामामा बगत न्हाईत."

पुढच्या बाजाराला मी ते सांगितलं. दादा म्हणाले, "बगत न्हाईत तर मग तिच्या आवारातल्या भावानं काय घोडं मारलंय?"

शाळेत मी मुलींना भूगोल शिकवत होते. बाजाराच्या दिवशी कोंबड्यांची नाती सोडवत होते. असं चार-पाच खेपा चाललं. शेवटी आत्यामामाचा प्रश्न दादांनी मोठेपणा दाखवून सोडून दिला, पण नवीन गाठ पडली. कोंबडा तुंगार्लीला पाठवायला ते तयार नव्हते. "आमच्या घरान्यात कुनी घरजावई ग्येला न्हाई." मावशी कोंबड्या तिकडे पाठवायला तयार नव्हत्या. "ज्या घरात तांबडी कापली त्या घरात माझ्या पोरी नांदायच्या न्हाईत."

मग मीच सुचवलं की मळवलीला भेटावं. लोणावळ्याहून एक स्टेशन, कामशेतहून एक स्टेशन. कोणाकडे कोणी गेलं असं होणार नाही.

रविवारी दुपारी मी आणि मावशी मळवलीला उतरलो. मावशींनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. डोक्यावर पाटी, पाटीवर डालगं, डालग्याखाली पाच कोंबड्या. दादा आधीच आले होते. स्टेशनामागे एक मोठं जांभळीचं झाड आहे, त्याखाली ते पाठमोरे उभे होते, आणि पायाशी एक पोतं अधूनमधून हलत होतं. मावशीही जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मी मधे.

"बाई, त्येंना म्हनावं मुलगा दाखवा," मावशी जांभळीच्या पलीकडच्या डोंगराला म्हणाल्या.

"बाई, तिला म्हनावं आदी मुली," दादा रुळांना म्हणाले.

मी दोघांना म्हटलं की एकदमच सोडू. मावशींनी डालगं उचललं, दादांनी पोत्याचं तोंड सोडलं.

कोंबडा बाहेर आला तो पाहण्यासारखाच होता. काळाभोर, गळ्याला कंठी, चाल अशी की जणू स्टेशन त्याचंच. मावशी पाठमोऱ्या राहायचं विसरल्या. कोंबड्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. दादांनी मूठभर तांदूळ फेकले. कोंबड्याने मान तिरकी करून दाण्यांकडे पाहिलं, कोंबड्यांकडे पाहिलं, आणि घशातून कुटकुट असा अगदी सभ्य आवाज काढला. मावशींनी माझा दंड धरला. नेमकी त्याच वेळी पुण्याची गाडी शिट्टी देत आली.

पुढचं सगळं धुळीतच झालं. कोंबडा उडाला तो सरळ जांभळीवर, एका फांदीवरून दुसऱ्या, आणि शेंड्याजवळ जाऊन बसला. कोंबड्या पाच दिशांना. गाडीतून उतरलेली माणसं आधी बाजूला झाली आणि मग मदतीला धावली, त्यामुळे जास्तच घोळ झाला. दादांनी खाली वाकून दगड उचलला.

"दगुड नको मारू, दादा," मावशी म्हणाल्या. "डोळा जाईल त्याचा."

"मग काय करू? त्यो काय हाक मारून येतोय?"

"तू तिकडनं ये. तिकडनं. तुझी डावी कुटली ते आजून कळंना व्हय तुला?"

"तू कोंबड्या धर आदी. एक रुळावर गेलीय बग."

मला कोणी काही सांगायला सांगितलं नाही. मी पाटीजवळ जाऊन बसले.

कोंबड्या अर्ध्या तासात सापडल्या. कोंबडा उतरेना. दादा म्हणाले, दिवस मावळला की त्याला दिसायचं नाही, तेव्हा अलगद उचलता येईल. तोवर थांबायचं. म्हणून आम्ही तिघं झाडाखाली बसलो. मावशींनी भाकरी आणि ठेचा काढला. दादांनी नको म्हटलं, मग दोन भाकरी खाल्ल्या. बराच वेळ सगळे वर बघत होते. मावशी वर बघतच म्हणाल्या, "तांबडी का कापलीस?"

"घरात दुसरं काय नव्हतं. पाव्हनं वाढलं."

मावशींनी स्वतःसाठी भाकरी काढली.

"मी न्हाई खाल्ली," दादा म्हणाले. "गळ्याखाली उतरंना. मी नुसता भात खाल्ला."

मावशींनी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "म्हंजे कशी झालती त्येबी सांगाय कुनी न्हाई."

दादांना हसू आलं की काय ते मिशांमुळे कळलं नाही, पण खांदे हलत होते.

अंधारून आलं तेव्हा स्टेशनातल्या हमालाने शिडी आणली. दादा स्वतः चढले. शिडी खालून मावशींनी धरली आणि चढणाऱ्याला शिकवत राहिल्या. कोंबडा हातात आला तेवढ्यात लोणावळ्याकडची गाडी दिसू लागली. पोतं कुठे पडलं होतं ते सापडेना. मावशींनी डालगं वर उचललं, दादांनी घाईघाईत कोंबडा आत सोडला, आणि गाडी थांबल्यावर पाटी उचलून डब्यात चढवली. मी चढले, मावशी चढल्या. दादा फलाटावर उभे. गाडी हलली तसे तेही चढले.

"तुझी गाडी तिकडची," मावशी म्हणाल्या.

"परक्या घरी त्याला एकटा कसा पाठवू?" दादा म्हणाले. "एक रात ऱ्हातो. रुळला की जातो."

कोंबडा दुसऱ्याच दिवशी रुळला. दादा पंधरा दिवस राहिले. बंगल्याच्या ओट्यावर झोपत आणि पहाटे उठून मावशी खुराडं कसं चुकीचं झाडतात ते सांगत. मावशी त्यांना सांगत की अंगणात जावई आहे, तोंड सांभाळून बोल. मावशींनी पदर घ्यायला सुरुवात केली ती याच दिवसांत. घरच्या मरतुकड्या कोंबड्याला माझ्या शाळेच्या शिपायाकडे पोचवण्यात आलं. आणि श्रावणात खुडूक कोंबडीखालच्या अकरातली नऊ पिल्लं निघाली, सगळी आपापल्या पायांवर उभी. मावशींनी पेढे आणले. पेढा कशाचा ते मुख्याध्यापिकाबाईंना सांगायचं मी टाळलं.

दादा गावी गेले तरी दर सोमवारी यायला लागले. कोंबड्याला बघायला येतो म्हणत. यायचे, अंगणात कोंबड्यासमोर पाचेक मिनिटं बसायचे, मग चुलीपुढे तास दोन तास. नर पिल्लं मोठी झाल्यावर ती सगळी त्यांनी आपल्या कोंबड्यांसाठी गावी नेली, कारण बहिणींबरोबर ठेवायची नाहीत हे दोघांनाही मान्य होतं. तेवढी एकच गोष्ट मी त्या दोघांना मान्य असलेली पाहिली.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात, एका शुक्रवारी, मुंगसाने कोंबडा मारला. मावशींनी त्याला पेरूखाली पुरलं. मी म्हटलं, दादांना कळवते, ते दुसरा आणून देतील. त्यांच्याकडे तर आता पुष्कळ आहेत.

"काय कळवू नका," मावशी म्हणाल्या. "त्यो त्याला बगाय येतो. मेला म्हनून सांगितलं तर येईल कशाला?"

शनिवारी मावशी बाजारातून एक काळा कोंबडा घेऊन आल्या. कंठी होती, पण सोनेरी नव्हे, विटकरी. अंगाने लहान. आधीच्याचा तुरा एका बाजूला कलंडलेला असायचा, याचा ताठ. आवाज फाटका. वाण बाटू नये म्हणून त्याला मावशींनी गाडीखान्यात कोंडलं, आणि सोमवारी सकाळी दादांची गाडी यायच्या वेळेला अंगणात आणून सोडलं.

दादा आले. छत्री मिटून ठेवली आणि नेहमीसारखे कोंबड्यासमोर उकिडवे बसले. मावशी दारात. मी खिडकीत. हातातलं पुस्तक उलटं आहे हे मला नंतर कळलं. ज्या माणसाच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हे वाण पाहिलं, त्याला एका नजरेत काय ते समजायला हवं होतं. दादा खूप वेळ बघत राहिले.

"तुरा सरळ झालाय याचा," ते म्हणाले.

"हितलं पानी मानवलं," मावशी म्हणाल्या.

कोंबड्याने मान ताणून एक बांग दिली. मधेच ती चिरकली.

"आवाज बसलाय."

"पावसाळी हवा हाय."

"व्हय," दादा म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि चपला काढून आत गेले. "हवाच वाईट. च्या टाक."